डाव्या हाताचा आशीर्वाद

पत्रकात खोटं लिहायचं नाही, हा आमच्या युवक मंडळाचा पहिला नियम. मी तो कधी मोडला नाही. सरपंचावर लिहिलं ते खरं लिहिलं. पाण्याच्या पाळ्यांवर लिहिलं ते बांधावर उभं राहून, डोळ्यांनी पाहून लिहिलं. हौसाक्काबद्दल नाव न घेता जे छापलं, तेही अक्षरन् अक्षर खरं होतं. त्यात एखादं वाक्य खोटं निघालं असतं तर मी जाहीर माफी मागून मोकळा झालो असतो. ती सोय मला नाही.

त्या पत्रकात मी तिला चार ओळींत संपवलं. ती चार ओळींची बाई नव्हती.

हौसाक्का आमची शेजारीण. मध्ये एकच भिंत, तीही पांढऱ्या मातीची, त्यामुळं तिकडं भांडं पडलं तरी इकडं कळायचं. नवरा फौजेत, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. घरात ती, सासू बायजाबाई आणि चार वर्षांची सुली. कुंडलच्या वाटेवरचं आमचं गाव, नदीचं पाणी मिळाल्यापासून निम्मं शिवार उसाचं. दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट.

दिवाळी झाली की ओढ्याकडेच्या माळावर तंबू टॉकीज यायची आणि वळवाची चाहूल लागली की गाशा गुंडाळायची. तीन-तीन दिवसांनी सिनेमा बदलायचा. पहिल्या दिवशी हौसाक्का सासूबरोबर बसायला पोतं घेऊन जायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उसाच्या भांगलणीत, तण काढता काढता, सगळ्या बाया तिला एकच विचारायच्या, कसा हाय? तिच्या उत्तरावर निम्मं गाव जायचं की नाही ते ठरायचं. उत्तरं तीनच होती. 'बगा' म्हणाली तर सिनेमा चांगला. 'आयका' म्हणाली तर गाणी चांगली, डोळे मिटून बसलात तरी चालेल. आणि 'निजा' म्हणाली की विषय संपला.

सिनेमाचं नाव तिनं कधी घेतलं नाही. तिला वाचता येत नव्हतं, आणि नावाशी तिला कर्तव्यही नव्हतं. ती आपली नावं ठेवायची. एक होता घागरीचा. त्यात नटी पाणी भरून येताना लांबलचक गाणं म्हणते. सगळ्या बायांना ते गाणं पाठ झालं होतं. हौसाक्का म्हणाली, "घागर रिकामी व्हती. भरल्याली घागर आसली की मान आशी डुलत न्हाई." बस्स, ती नटी कायमची बाद झाली. पुढं ती दुसऱ्या सिनेमात राणी होऊन आली तरी आमच्या बाया तिला रिकाम्या घागरीचीच म्हणत.

एक लांब पत्राचा होता. त्यात शिपाई खंदकात बसून बायकोला पत्र लिहितो आणि ते पत्र पडद्यावर संपता संपत नाही. बायांनी पदर ओले केले. हौसाक्का खुरपं चालवता चालवता म्हणाली की आमचं धनी चार ओळी लिवत्यात, त्यातल्या दोन शेरडाच्या असत्यात. लढाईत एवढा लिवत बसणारा शिपाई नव्हंच, त्यो कारकून. निजा.

तंबूचा मालक सायकलवरून आमच्या बांधाला यायचा. उतरायचा नाही, एक पाय बांधावर टेकून विचारायचा, "अक्का, काल काय म्हनालासा?" निजा म्हणाली असली तर तिसऱ्या दिवसाची वाट न बघता रीळ बदलायचा. मी हे स्वतः पाहिलं आहे.

मला या मतांचा राग यायचा. मी तेव्हा सांगलीला कॉलेजात होतो, शनिवार-रविवार गावी यायचो, खांद्याला पिशवी आणि पिशवीत पत्रकं. भांगलणीच्या बायांना मजुरीवरची पत्रकं वाचून दाखवायला बांधावर बसायचो आणि त्या घागरीवर बोलत असायच्या. एकदा मी तिला म्हणालो, अक्का, सिनेमात गरिबांचं काय दाखवलं ते सांग की. तिनं विचार केला. म्हणाली, "गरीब व्हता की, वसंता. पर त्येच्या घरात चूल कुठं व्हती ती काय दिसली न्हाई." मी ते हसण्यावारी नेलं. आज वाटतं की माझ्या सगळ्या पत्रकांत मिळून एवढं नेमकं वाक्य नाही.

तिचं खुरपं वेगळं होतं. लोहाराकडून तिनं उलट्या बाकाचं करून घेतलं होतं, कारण ती डावरी. ते खुरपं दुसऱ्या कुणाला चालायचं नाही आणि दुसऱ्याचं तिला. भांगलणीत तिला कडेच्या ओळीची पात द्यायचे, म्हणजे कोपराला कोपर लागायला नको. त्या कडेच्या पातीत ती सगळ्यांच्या पुढं असायची. घरात मात्र तो हात बंद. डाव्या हातानं वाढायचं नाही, हळदकुंकू लावायचं नाही, देवापुढं दिवा लावायचा नाही. लहानपणी तिच्या आईनं त्या हातावर उलथनं तापवून ठेवलं होतं, त्याचा डाग मनगटाच्या वर होता. सासरी आल्यावर ती उजव्या हातानं वाढायला शिकली, पण आमटी सांडायचीच, आणि सांडली की भिंतीपलीकडून बायजाबाईचा आवाज यायचा.

सुली आईवर गेली. चमचा, पाटी, चिंचोके, सगळं डाव्या हातात. बायजाबाई जेवणाच्या वेळी नातीचा डावा हात चिंधीनं पाठीमागं बांधायची. दुष्ट बाई नव्हती ती. नातीचं लग्न कसं व्हायचं, लोक काय म्हणतील, हीच तिची काळजी. पोरगी एका हातानं भाकरी तोडायचा प्रयत्न करायची आणि भाकरी ताटाबाहेर पळायची.

आणि मग एक दिवस चिंधी सुटली. का सुटली ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते मला हौसाक्कानंच सांगितलं, हसत हसत, आणि मी त्याचं जे केलं ते आता सांगतो.

रविवार होता. बाया बांधावर भाकरी खायला बसल्या होत्या. आदल्या दिवशीचा सिनेमा मी सांगलीत पाहिलेला होता. हौसाक्का म्हणाली, मारामारी झ्याक हाय, शेवटी डाव्या हातानं आसा एकच देतो की त्यो गडी उठतच न्हाई. मी म्हणालो, उजव्या हातानं. ती म्हणाली, डाव्या. मी म्हणालो, अक्का, मी पैजेवर सांगतो, उजव्या. तिनं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं आणि एकेक मोजायला लागली. डाक्टर सुई टोचतो ती डाव्या हातानं. साहेब सही करतो ती डाव्या हातानं. नवरी नवऱ्याला घास भरवते तो डाव्या हातानं. मग भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत म्हणाली, "शिनमातली समदी मोठी मान्सं डावरी असत्यात, तुला ठावं न्हाई व्हय रं?"

आणि मग तिनं देवाचं सांगितलं. महिन्यापूर्वी एक देवाचा सिनेमा आला होता. शेवटी देव प्रकट होतो आणि म्हाताऱ्या भक्ताच्या डोक्यावर हात ठेवतो. तो डावा हात होता. बायजाबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. ती पोत्यावरच उठून बसली, पडद्याला हात जोडले. सकाळी सुली जेवायला बसली तेव्हा चिंधी आणली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ती चिंधी हौसाक्काला चुलीच्या पोतेऱ्यात सापडली. "आत्याबाई म्हनल्या, देवाला चालतंय तर मी कोन."

मी हसलो. मोठ्यानं हसलो, हे लिहायला हवं.

मला सगळं एका क्षणात कळलं होतं. आमच्या तंबूत पडदा मधोमध असायचा. अलीकडं पुरुष, पलीकडं बाया, मशीन पुरुषांच्या बाजूला. बाया सिनेमा पडद्याच्या मागून बघायच्या. उजवं ते डावं, डावं ते उजवं. शाळेत गेलेल्या पोरींना नावं उलटी दिसत असणार, पण नावं वाचत कोण बसतं? वर्षानुवर्षं हे असंच चालत आलेलं, त्यात कुणाला काही वाटत नव्हतं.

मी पिशवीतलं एक पत्रक काढलं, उन्हासमोर धरलं आणि मागच्या बाजूनं तिला दाखवलं. अक्षरं उलटी दिसत होती. म्हणालो, अक्का, तुम्ही बाया मागून बघता, म्हणून हे असं. तो देव उजव्याच हातानं आशीर्वाद देत होता.

बाया हसायला लागल्या. आगं बया, म्हणून एकीनं तोंडाला पदर लावला. हौसाक्का त्या कागदाकडं बराच वेळ बघत राहिली. वाचता येत नसूनही तिला कळलं होतं. मग खुरपं उचललं आणि म्हणाली, "आसंल." उठताना हळूच म्हणाली, "आत्याबाईस्नी सांगू नगंस, वसंता."

मी बरं म्हणालो असेन. माझ्या डोक्यात तेव्हा मथळा तयार होत होता.

'निम्म्या गावाला उलटा सिनेमा!' असा तो मथळा. पुढच्या आठवड्यात सांगलीत छापून घेतला. त्यात लिहिलं की आमच्या माताभगिनींना पडद्यामागं बसवून उलटं चित्र दाखवलं जातं, हा त्यांचा अपमान आहे, त्यांना पुरुषांच्या बरोबरीनं समोर बसवलं पाहिजे. इथवर ठीक होतं. पण पत्रकाला उदाहरण लागतं. उदाहरणाशिवाय पत्रक चालत नाही, हे मला मंडळानं शिकवलं होतं. म्हणून पुढं लिहिलं की एका भगिनीची समजूत आहे की सर्व नट डावखुरे असतात, आणि एका वृद्धेनं तर देवच डाव्या हातानं आशीर्वाद देतो असं मानून आपल्या नातीला डाव्या हातानं जेवायची मोकळीक दिली आहे. अज्ञान आणि अंधश्रद्धा कशी हातात हात घालून जातात पाहा! ते उद्गारचिन्ह माझं होतं. मला ते फार आवडलं होतं.

गठ्ठा घरी आला तसा आईनं हौसाक्काला सांगितलं. आई माझ्या मंडळाबद्दल कधी बोलायची नाही, त्या दिवशी मात्र आपण होऊन पलीकडं गेली. हौसाक्का आमच्या अंगणात आली. हात ओले होते, भांडी टाकून आली होती. सुली तिच्या लुगड्याला धरून.

तिनं आधी बायांचं सांगितलं. आमी मागं बसतोय तेच बरं हाय. तितं पदर ढळला तरी कोन बगत न्हाई, पोर पाजता येतं, पाय पसरून बसता येतं. म्होरं बसवलंस तर घरातली सोडायची न्हाईत. मी उत्तर दिलं की तुम्हाला गुलामगिरीची सवय झाली आहे. हे वाक्य मी माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या बाईला, तिच्या मुलीसमोर बोललो. आई चुलीपाशी होती, तिनं वर बघितलं आणि परत खाली बघितलं.

हौसाक्काला राग आला असेल तर दिसला नाही. म्हणाली, बरं, बायांचं तुज्या मनाला येईल तसं कर. देवाचं तेवढं काड त्यातनं.

मी म्हणालो, अक्का, ते खरं आहे. खोट्याच्या आधारानं पोरीचा हात सोडवायचा का?

ती म्हणाली, "सोडावला व्हता. आता तुजं खरं काय करनार हाय, ते सांग."

 मी गठ्ठ्याची सुतळी सोडायला लागलो. ती गेली. सुली डाव्या हातानं भिंतीला बोट लावत तिच्या मागून गेली.

बाजारच्या दिवशी पारावर चढून मी ते पत्रक वाचलं. पत्र्याचा भोंगा होता हातात. लोक हसत होते आणि हसण्यानं मला चेव येत होता. नाव नव्हतं त्यात, पण गावात डावरी एकच आणि डावरी नात एकच. देवाचं वाचलं तेव्हा पाराखाली बायजाबाई कांद्याच्या पाटीशी बसलेली मला दिसली. मी थांबू शकलो असतो. आवाज खाली आणू शकलो असतो. मी ते उद्गारचिन्हही वाचलं, म्हणजे तिथं आवाज चढवला. म्हातारीनं पाटीतले कांदे तसेच सोडले, पदर डोक्यावर ओढला आणि वाटेला लागली.

आम्ही जिंकलो. चार दिवस तिकिटाच्या खिडकीपुढं बसून राहिलो आणि मालकानं पडदा तंबूच्या टोकाला नेला, मध्ये दोर बांधला, डावीकडं बाया, उजवीकडं पुरुष. तो मला म्हणाला होता, "सायब, आठ दिसात एक बी बाई यायची न्हाई." पहिल्या दिवशी नवलाईनं पुष्कळ आल्या. गडी पडद्याकडं कमी आणि दोराकडं जास्त बघत होते. आमच्या मंडळाचेही होते त्यात. दुसऱ्या खेळाला निम्म्या आल्या. आठवडा संपताना चार म्हाताऱ्या. मालकानं होळीच्या आतच तंबू उतरवला आणि कडेगावच्या बाजूला गेला. आम्ही 'विजय' म्हणून आणखी एक पत्रक काढलं.

भिंतीपलीकडं काय झालं ते आईनं ऐकलं आणि मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं. बाजारातनं आल्या आल्या बायजाबाईनं जुन्या धडुत्याची नवी चिंधी फाडली. हौसाक्कानं तिचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा धरला असेल. म्हणाली, "आत्याबाई, देव मागनं बगितला तरी देवच की." म्हातारी म्हणाली, "छापलंय त्यात. छापल्यालं खोटं आसंल व्हय?"

अंगठा उठवणारी बाई. तिनं आमच्या नियमावर आमच्यापेक्षा जास्त विश्वास ठेवला.

त्यानंतर जेवणाच्या वेळेला भिंतीपलीकडून सुलीचा आवाज येईनासा झाला. आधी ती जेवताना बडबडायची. मी तेव्हा दर महिन्याला पत्रक काढत होतो. रेशनवर काढलं, मजुरीवर काढलं. भिंतीच्या पलीकडं एका चार वर्षांच्या पोरीचा हात रोज दोन वेळा बांधला जात होता, त्यावर मी एक ओळ लिहिली नाही. एकदाही जाऊन बायजाबाईसमोर बसलो नाही की आजी, हे सोड. ते पत्रकाचं काम नव्हतं, घरगुती होतं. असंच काहीतरी मी स्वतःला सांगत असेन.

भांगलणीत हौसाक्का पूर्वीसारखी कडेच्या पातीत असायची. तिला सिनेमाचं कुणी विचारत नव्हतं. विचारायला सिनेमाच नव्हता, आणि एखादी कधी सांगली बघून आली तर हौसाक्काकडं बघून आधी हसायची. डावरा का उजवा, अगं? असं. ती खुरप्यावरची नजर काढायची नाही. माझ्याशी बोलणं तिनं सोडलं नाही, उलट जास्त मानानं बोलायला लागली. वसंताचा मी वसंतराव झालो.

पुढच्या वर्षी पाऊसच पडला नाही, तंबू आला नाही. मग तिचा नवरा फौजेतनं सुटला, साताऱ्याला पहाऱ्याची नोकरी लागली आणि सगळे तिकडं गेले. बायजाबाई तिकडंच वारली असं आई म्हणाली.

परवा मी साताऱ्याला एका सभेसाठी गेलो होतो. मधल्या काळात सहा वर्षं गेली. दुपारचा खेळ सुटला होता, थिएटराच्या दारातनं माणसं उन्हात येऊन डोळे चोळत होती, आणि त्यांत ती दिसली. केस थोडे पांढरे झालेत. बरोबर दहा वर्षांची सुली, दोन वेण्या, परकर. मी समोर जाऊन उभा राहिलो. जे सगळे विचारायचे तेच विचारलं. अक्का, कसा होता?

मला वाटलं होतं की ती बगा म्हणेल, नाहीतर निजा म्हणेल. माझ्यासाठी निजा असलं तरी चाललं असतं.

ती म्हणाली, "बरा व्हता की, वसंतराव. आता समोरनं बगतोय आमी. समदं बराबर दिसतंय."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं. सवयीनं माझा हात पिशवीत गेला. सभेचं पत्रक निघालं. मी ते सुलीपुढं धरलं, म्हणालो, शाळेत जातेस ना, वाचता येतं ना?

तिचा डावा हात आधी पुढं आला. अर्ध्यात थांबला. परकराच्या चुणीत गेला. मग उजवा आला आणि त्यानं कागद घेतला.

हौसाक्का ते बघत होती, मी बघत होतो, आणि आपण बघितलं असं दोघांनीही दाखवलं नाही. एस.टी. चुकंल, म्हणाली ती. दोघी गर्दीतनं स्टँडकडं निघाल्या. पोरीचा डावा हात तिनं मुठीत घेतला होता. धरला होता की झाकला होता, ते मला मागून कळलं नाही.